मला आणण्यात आलं आहे

घर सोडणं हा माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय असतो आणि तो ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो. आमच्या घरी तो विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळाने घेतला.

त्या शेवाळावरून बाबा घसरले आणि त्यांनी उजवा हात मनगटात मोडून घेतला. आई गेल्यापासून ते घरात एकटेच असत. शेजारी राहणारे त्यांचे चुलतभाऊ तात्या, त्यांनी मला विरारला, बोळिंजला फोन केला. "काय नाय गो, हात तेवढा मोडलाय. बाकी मास्तर बराय. पण आता भात कोण शिजवणार, ता बघ." मी गेले. तोवर तात्यांनी मांजर आपल्या घरी हलवलं होतं, तांदळाचा डबा रिकामा करून उन्हात उपडा घातला होता आणि बाबांची पिशवी ओटीवर आणून ठेवली होती. बाबांना न्यायचं असं कोणी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. सगळं ठरलेलं मात्र होतं.

निघायच्या वेळी बाबांनी खिशातून किल्ली काढली. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्याने लावून पाहिली. आमचं कुलूप पितळी आणि हट्टी आहे, उजव्या हाताशिवाय ते कोणाचं ऐकत नाही. शेवटी मी किल्ली फिरवली. अंगणात तात्या आमसुलांची पिशवी घेऊन उभे होते, वाडीतले आणखी चार जण होते, भाड्याच्या गाडीचा दरवाजा उघडा होता. सगळे एका शब्दाची वाट बघत थांबले होते. आमच्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बाबा 'येतो' म्हणाले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबाच्या आवाजात म्हणाले, "घर बंद करण्यात आलं."

आणि गाडीत बसले.

बाबांनी शेजारच्या गावातल्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं. त्यातही त्यांची ख्याती पॅसिव्ह व्हॉइसची. आमच्या पंचक्रोशीत आज पन्नाशीला पोचलेली माणसं इंग्रजीत पाणी मागताना अडखळतात, पण 'पाणी माझ्याकडून मागितलं गेलं' हे न चुकता सांगतात. आंबा मी खाल्ला की आंबा माझ्याकडून खाल्ला गेला, हे उलटसुलट करण्यात आमचं बालपण गेलं. वर्गात ते एकच सापळा दरवर्षी लावत. फळ्यावर 'मी आलो' असं इंग्रजीत लिहायचे आणि म्हणायचे, "करा याचं पॅसिव्ह." हुशार मुलं लगेच खाली मान घालून वहीत काहीतरी भयंकर लिहायची. मग बाबा खडू ठेवायचे. "होत नाही. येणं, जाणं, झोपणं, मरणं यांचं पॅसिव्ह होत नाही. ही कामं ज्याची त्यानेच करायची असतात."

मी घर सोडलं ते बाबांच्या कितीतरी आधी, नोकरीसाठी. आमच्या वाडीतल्या मुली तोपर्यंत लग्न होऊनच बाहेर पडत, म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने त्या बाहेर पडत नसत, त्यांना दिलं जाई. माझी आई स्वतःबद्दल बोलताना नेहमी म्हणायची, "मला या घरात दिली." तक्रार नसायची, नुसती माहिती असायची, पोस्टमनने पत्र कुठे टाकलं ते सांगावं तशी. मी निघाले तेव्हा बायका तिला विचारू लागल्या, पोरीला कुठे दिली? ती म्हणाली, "दिली नाही. ती गेली." हे वाक्य ती पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिली, आणि दरवेळी 'गेली'वर जरा थांबायची.

एसटीच्या थांब्यावर मी म्हणाले, "जाते मी." बाबा म्हणाले, "जाते नाही बाय, येते म्हण." मी नुकती बी.ए. झालेली, म्हणजे असह्य होते. म्हटलं, "पण मी जातेय. हे व्याकरणाने चूक आहे." बाबा म्हणाले, "एवढी एक चूक करायची असते." मी 'येते' म्हणाले आणि गेले.

मग भाड्याच्या खोल्या झाल्या, लग्न झालं, आणि विरारला बोळिंजमध्ये सातव्या मजल्यावर आमचा स्वतःचा फ्लॅट झाला. नवरा विमानतळावर शिफ्टमध्ये काम करतो. मी एका विमा कंपनीसाठी इंग्रजी मजकूर दुरुस्त करते, आठवड्यातले बरेच दिवस घरूनच, डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून. कंपनीचा नियम आहे की ग्राहकाशी सरळ बोला, पॅसिव्ह वापरू नका. पॅसिव्ह दिसलं की सॉफ्टवेअर त्याखाली निळी रेघ ओढतं आणि मी ते वाक्य सरळ करते. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

माझ्यासारख्याच गाव सोडून आलेल्या तुम्हा मंडळींना मी नेमकं काय करते ते मी आजवर नीट सांगितलेलं नाही. त्याचं कारण हेच. सांगण्यासारखं ते एवढंच आहे.

बाबा इथे आल्यावर पहिले काही दिवस गळ्यात हात अडकवून माझ्यासमोर बसून होते. एकदा त्यांनी विचारलं, "हे तू काय करतेस?"

"पॅसिव्हचं ॲक्टिव्ह करते."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात."

त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉप आपल्याकडे वळवून पाहिला. मग म्हणाले, "मी हयातभर पोरांकडून ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करून घेतलं. तू ते परत उलटं करतेस. आपल्या दोघांच्या कष्टाने इंग्रजी आहे तिथेच राहिली."

मी त्यांना दाखवलं की कंपनीचा सरळपणाही सोयीचा असतो. 'आपलं स्वागत करताना आम्हाला आनंद होतो,' इथे 'आम्ही' हजर असतात. 'आपला दावा नाकारण्यात आला आहे,' इथे ते जेवायला गेलेले असतात, आणि ती निळी रेघ तशीच राहू द्यायची हे वरून आलेलं असतं. बाबांना ते पटलं. "पॅसिव्ह तीन प्रसंगी वापरायचं," ते बोटं मोजत म्हणाले, डाव्या हाताची. "कर्ता माहीत नसेल तेव्हा. कर्ता महत्त्वाचा नसेल तेव्हा. आणि कर्ता सांगायचा नसेल तेव्हा."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण तोपर्यंत मी त्यांचं एक वाक्य मोजू लागले होते. बिल्डिंगमधलं कोणी लिफ्टमध्ये प्रेमाने विचारायचं, "काका, कधी आलात?" आणि बाबा म्हणायचे, "मला आणण्यात आलं." वॉचमनला तेच. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना तेच. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना तेच. त्या डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाबांना गोणीत घालून आणलं होतं.

एका संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, 'आणण्यात आलं' हे तुमच्या तिन्हींपैकी कितवं?"

"तिसरं," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

कर्ता सांगायचा नसेल तेव्हा. म्हणजे मी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मराठीत ती एक सोय आहे. जेवण जात नाही, झोप लागत नाही, राग येतो. या सगळ्यांत माणूस स्वतः काहीच करत नाही. मनात एकच होतं. मी त्यांना आणलं की ते आले? तात्यांनी पिशवी ओटीवर ठेवली होती हे खरं, पण किल्ली फिरवणारा हात माझा होता. माणसाला त्याच्या घरातून उचलून आणलं असेल, तर पुढची सगळी सेवा म्हणजे नुसती कैद्याची बडदास्त.

दरम्यान त्यांनी सोसायटीत एक प्रकरण केलं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राणे सज्जन गृहस्थ आहेत, पण हातात लेटरहेड आलं की त्यांच्यात एखादं मंत्रालय संचारतं. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पाणीपुरवठा मर्यादित करण्यात आला असून गॅलरीत कपडे वाळत घालण्यास मनाई करण्यात आली आहे.' अशा नोटिसा लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागत. एका सकाळी त्या नोटिशीवर तीन ठिकाणी लाल पेनाने लिहिलेलं सापडलं: कोणी? कोणी? कोणी? अक्षर वेडंवाकडं, डाव्या हाताचं. आमच्या बिल्डिंगमध्ये उजवा हात प्लास्टरमध्ये असलेला माणूस एकच होता.

राणे वर आले. दारातूनच म्हणाले, "काका, नोटिशीवर तुम्ही लिहिलंत का?"

"लिहिण्यात आलं," बाबा म्हणाले.

"अहो पण कोणाकडून?"

"बघा," बाबा खूश होऊन म्हणाले, "आता कसं नेमकं विचारलंत. या, बसा. चहा घ्या."

राण्यांनी चहा घेतला. पुढच्या नोटिसा लिहून झाल्यावर ते बाबांकडे आणू लागले. भाषा सुधारली नाही, पण राण्यांना संध्याकाळी बसायला जागा झाली. बाबांनाही.

प्लास्टर निघाल्यावर बाबा फिरू लागले. एका रविवारी मी त्यांना अर्नाळ्याला नेलं. म्हणजे ते म्हणाले, सुकट चांगली मिळते का बघू, आणि आम्ही रिक्षाने गेलो. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, समोर पाण्यात किल्ला बसला होता. बाबा त्या वासात उभे राहिले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे ताठ खांदे सैल झाले. सुकट विकायला बसलेल्या एका बाईशी त्यांनी घासाघीस सुरू केली, ती आमच्याकडच्या बाजारातल्यासारखी, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांची लायकी काढत.

"बाबा, ह्या बोलनं इकडचा नाय. कुठून आले तुमी?"

"रत्नागिरीकडून. मला इथे आणण्यात आलं."

तिने पिशवीत सुकट ओतता ओतता हात थांबवला. "आनला? कोनी आनला? पोलिसांनी?"

मी समुद्राकडे बघत राहिले. बाबांनी घसा साफ केला. या बाईपुढे व्याकरणाचा काही उपयोग नव्हता. "मुलीने," ते हळूच म्हणाले.

"ही काय? मंग रडता कशाला?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग सुकटीची आणखी एक मूठ पिशवीत टाकली. "माजी पोर मिरा रोडला हाय. फोन करतो तं बोलते, मिटिंगमदे हाय. कसली मिटिंग, ती घरकाम करते!"

बाबा हसले. रिक्षात सुकटीची पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी काही विचारलं नाही. माणूस एकदा कर्ता बोलून गेला, की त्याला लगेच पुढचा प्रश्न घालू नये.

आणि मग शिमगा आला. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि त्या वेळी घराचं दार उघडं लागतं. बंद दारावरून पालखी पुढे गेली, तर ते घर गावातून गेलं असं समजतात. बाबा म्हणाले, "जायला हवं." मी रजा घेतली. पण एकदा का ते आपल्या ओटीवर बसले, की मला परत 'आणावं' लागणार होतं, आणि या वेळी हात धडधाकट होता. शेवाळाची साथ नव्हती.

निघताना खाली वॉचमनने विचारलं, "काका, गावाला चाललात?" बाबा म्हणाले, "हो. येतो."

मी बॅग उचलताना थांबले. ते पुढे गाडीकडे निघून गेले होते.

गावात पोचल्यावर त्यांनी स्वतः किल्ली काढली आणि स्वतः कुलूप उघडलं. दोन दिवस झाडलोट केली. पालखी आली, ओटी भरली, गुलाल झाला, ढोल पुढच्या घराकडे गेले आणि माणसं पाणी प्यायला आमच्या अंगणात रेंगाळली. आमच्या बोलीची एक गंमत इथे सांगायला हवी, कारण शहरात वाढलेल्या तुमच्या मुलांना ती माहीत नसेल. पुस्तकी मराठीत 'नेलं' म्हटलं की कोणी नेलं ते बाहेरून सांगावं लागतं. आमच्याकडे कर्ता क्रियापदाच्या शेपटीलाच लटकतो. नेलंन. म्हणजे त्याने किंवा तिने नेलं. आमच्या बोलीत कर्त्याला लपायला फारशी जागा नाही.

तात्या कट्ट्यावर बसले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय वो मास्तर, लेकीन नेलंन ना शेवटी?"

कोणीतरी हसलं. दुसरं कोणी म्हणालं, "आता घरपण इकलंन की झाला."

तेव्हा मला उलगडा झाला. 'नेलंन' हा शब्द या अंगणात इतके महिने फिरत होता. लेकीने म्हाताऱ्याला नेलंन, जावयाच्या दारात बसवलंन, आता घर विकलंन. बाबांना तो तिकडे बोळिंजमध्ये बसून ऐकू येत होता. लेकीकडे पाणीसुद्धा न पिणाऱ्या माणसांच्या पिढीतले ते. त्यांनी शब्दकोशातलं सर्वांत सरकारी क्रियापद काढलं आणि माझ्यावर पांघरूण घातलं. कर्ता सांगायचा नसेल तेव्हा. मला वाटलं होतं ते माझ्यावर आरोप ठेवतायत. ते मला वाक्यातून बाहेर काढत होते.

बाबांनी हातातला तांब्या खाली ठेवला. उजव्या हाताने, सावकाश.

"नेलंन नाय रे, तात्या," ते म्हणाले. "मी गेलो."

वर्गात खडू ठेवल्यानंतर व्हायची तशी शांतता झाली. त्या अंगणातले निम्मे लोक त्यांचेच विद्यार्थी होते. या वाक्याचं पॅसिव्ह होत नाही, हे त्यांना माहीत होतं.

तात्या म्हणाले, "मग बोल ना तसा. आम्ही आपले काळजीत." आणि आपल्या घरातून त्यांनी कोकमाच्या आगळाची बाटली आणून माझ्या हातात दिली. मांजर अजून त्यांच्याकडेच आहे. ते परत मागण्यात आलेलं नाही.

निघायच्या सकाळी बाबांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली. तात्या गाडीपर्यंत आले. बाबा म्हणाले, "येतो."

मी गाडीत बसून विचार करत होते. बोळिंजहून निघताना 'येतो' आणि इथून निघतानाही 'येतो'. दोन्हीकडे येतोच म्हणणारा माणूस मग जातो कुठून? बाबांनीच आम्हाला कधीतरी शिकवलं होतं की मराठी माणूस भूतकाळात शिरला की क्रियापद त्याचं ऐकेनासं होतं. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. खाणारा मीच, पण क्रियापद आंब्याच्या आणि पोळीच्या तालावर नाचतं. मी घर बांधलं, मी माणसं जोडली, मी नाती तोडली, कशातच क्रियापद माझ्या बाजूला नसतं. फक्त आलो, गेलो असलं काही म्हटलं की ते मुकाट्याने माझ्यामागे येतं. घर सोडून आलेल्या आपल्यासारख्यांच्या हाती राहिलेलं एवढंच आहे, येणं आणि जाणं. आणि त्यातलंही जाणं आपण उच्चारत नाही. मला वाटतं, घर म्हणजे ती जागा, जिथून निघताना ही व्याकरणाची चूक आपोआप तोंडून होते. बाबांना आता अशा दोन जागा झाल्या. मला बहुधा आधीपासूनच होत्या, फक्त मी एकीला गाव म्हणत होते आणि दुसरीला पत्ता.

संध्याकाळी आम्ही बोळिंजला पोचलो. गेटवर वॉचमन म्हणाला, "आलात काका?" बाबा म्हणाले, "आलो."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनी काहीतरी खवचट बोलून ते बिघडवलं असतं. मी आगळाची बाटली, तांदळाची पिशवी आणि सुकटीचं पुडकं घेऊन आत आले. लिफ्टच्या दारावर राण्यांच्या अक्षरातला कागद होता. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आली आहे.

आम्ही सातव्या मजल्यावर राहतो.